आर्किटेक्टचा परवाना

१९५८ साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळेचा वास्तुकला विभाग स्वतंत्र महाविद्यालय झाला. त्याच साली इस्राएलात इंजिनिअर व आर्किटेक्ट यांच्यासंबंधीचा कायदा झाला. मुंबईत शिकून आलिया केलेल्या आपल्या बांधवांची गाठ या कायद्याशी पडली.

भारतात आर्किटेक्टांचा कायदा १९७२ सालचा. त्यापूर्वी आलेल्यांजवळ जी. डी. आर्च. ही पदविका होती, कामाचा अनुभव होता; कायद्याने नोंदलेला आर्किटेक्ट असल्याचा दाखला मात्र नव्हता. येथे तर दोन पायऱ्या. प्रथम निबंधकाकडे शिक्षण मान्य होऊन नोंदणी व्हावी. मग तीन वर्षांचा अनुभव व परीक्षा, तेव्हा परवाना. नुसत्या नोंदणीवर साध्या इमारतींपुरतीच सही चालते.

आपला समाज या विद्येत मागे नव्हता. दिल्लीतील संसद भवनाची १९७५ साली उघडलेली जोड-इमारत आपल्याच जोशुआ बेंजामिन यांच्या आराखड्याची. पण कर्तबगारीला परमुलखात कागदाची साक्ष लागते. म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की पदवी, गुणपत्रके व अनुभवाचे दाखले जपून आणावेत आणि इब्री भाषा मन लावून शिकावी. वडीलधाऱ्यांनी सोसले, ते तुमच्या वाट्यास न येवो.