‘प्रवाळ’ : अंकुर, प्राणी आणि भित्ती

संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : कोवळा अंकुर आणि पोवळे. ‘विद्रुम’ या पर्यायात तर ‘द्रुम’ म्हणजे वृक्षच दिसतो. ग्रीक-रोमन समजूतही फारशी निराळी नव्हती. पाण्यात मृदू असलेली ही वनस्पती हवा लागताच कठीण होते, असे तिकडे मानीत. नाव हे एक प्रकारचे वर्गीकरणच असते, आणि ते पुढच्या निरीक्षणाच्या आड येऊ शकते. प्रवाळाचा इतिहास हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

1706 मध्ये मार्सिलीने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याच्या फांदीवर आठ पाकळ्यांची ‘फुले’ उमललेली पाहिली. वनस्पतिपक्ष सिद्ध झाला असे विद्वानांस वाटले. पुढे मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने ही ‘फुले’ म्हणजे प्राणीच होत, असे प्रतिपादन केले. 1727 मध्ये रेओम्यूरने ते मत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले, पण स्वतःची असहमती नोंदवून. लेखकाचे नावही त्याने घेतले नाही. 1740 नंतर त्रांब्लेच्या हायड्रावरील प्रयोगांनी मतप्रवाह पालटला, आणि रेओम्यूरनेही आपली चूक मान्य केली.

दागिन्यांतील तांबडे पोवळे भित्ती रचीत नाही. ते कार्य त्याच्या पाषाणप्रवाळ या आप्तांचे. हा इवला प्राणी समुद्रजलातून कॅल्शियम घेतो, आपल्या तळाखालील द्रवाची अम्लता कमी करतो आणि तेथे अ‍ॅरॅगोनाइटचे स्फटिक साचवितो. जुन्या तळावर नवा तळ रचीत तो वर सरकतो. जिवंत थर तेवढा पृष्ठावर राहतो.

परंतु भित्ती रचणारे प्रवाळ उथळ पाण्यातच वाढतात. मग खोल महासागरात कंकणद्वीपे कशी उभी राहिली? 1842 मध्ये डार्विनने उत्तर दिले : ज्वालामुखी बेट हळूहळू खचते, प्रवाळ तितक्याच वेगाने वर रचीत जातात, अनुतट भित्तीची रोधक भित्ती होते, आणि बेट बुडाल्यावर कंकण उरते. 1952 मध्ये एनिवेटॉक येथे वेधन केले असता सुमारे 1400 मीटर खोलीवर, चुनखडकाखाली, ज्वालामुखी खडक लागला.

तथापि उथळ पाण्याचीच अट का? प्रवाळाच्या ऊतींत एकपेशीय शैवले राहतात व सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न त्याला पुरवितात. 1959 मध्ये गोरो पतिपत्नींनी किरणोत्सर्गी कॅल्शियमच्या साहाय्याने प्रकाशात सांगाडा अधिक वेगाने वाढतो, हे दाखविले. म्हणजे ज्या वनस्पतीला अठराव्या शतकाने हद्दपार केले, ती प्राण्याच्या देहातच सापडली. ‘अंकुर’ हे नाव चुकीचे खरे. पण ज्यांनी भित्ती रचल्या त्यांच्या बाबतीत ते पूर्णपणे निराधार नव्हते.

हे सहजीवन मोडले म्हणजे काय होते, हे लक्षद्वीपने 1998, 2010 आणि 2016 मध्ये अनुभवले. समुद्र तापला, शैवले देहाबाहेर टाकली गेली, आणि प्रवाळ पांढरे पडले. खचत्या बेटाबरोबर वाढत राहणारा प्रवाळ तापत्या समुद्राशी तीच बरोबरी करू शकेल, अशी ग्वाही डार्विनचा सिद्धांत देत नाही.