रंध्यावरील नाममुद्रा

बदलीच्या गावी, सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात दारे-खिडक्या दुरुस्त करीत बसलेला सुतार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पाते बसवून झाले की तो रंधा उलटा करतो, एक डोळा मिटतो आणि बंदुकीचा नेम धरावा तसा तळाच्या कडेने पाहतो. तोंडातून धार केसाएवढीच डोकावते आहे की अधिक, ती एका अंगाला कलली आहे की काय, हे त्याला त्या एका दृष्टिक्षेपात कळते. मग हातोडीची एक हलकी टिचकी, आणि पुन्हा डोळा. गाव बदलते, बोली बदलते. सुताराची ही लकब मात्र सर्वत्र सारखीच आढळते.

रंधा म्हणजे वरवर पाहता ठोकळा, पाते आणि पाचर. तथापि चांगला रंधा आणि वाईट रंधा यांतील भेद बहुतांशी दडलेला असतो. तळ सपाट हवा. पाते ज्या उतरणीवर टेकते ती बैठक अशी हवी की पात्याखाली कोठेही पोकळी राहू नये. तोंड अरुंद हवे. आणि पोलाद असे हवे की त्याची धार कठीण लाकडातही टिकावी. यांपैकी तळ दुकानात डोळ्यांनी पारखता येतो, फार तर तोंड. बैठकीत फट असेल तर पाते थरथरते आणि लाकडावर बारीक लाटा उठतात. पण हे कळते ते लाकडावर रंधा मारल्यावर, म्हणजे पैसे मोजून झाल्यावर. शिवाय नुकसान व्हायचे ते मजुरीतून. म्हणून रंधा निवडणे म्हणजे तो करणाऱ्यावर विश्वास टाकणे, असेच पूर्वापार होत आले.

हत्यार अतिशय जुने आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात, तसेच इंग्लंडातील सिल्चेस्टरच्या रोमन अवशेषांत रंधे मिळाले आहेत, आणि त्यांना लोखंडी तळ आहे. पुढे युरोपात लाकडी रंधाच रूढ झाला, आणि पुष्कळ काळ सुतार आपला रंधा आपणच घडवीत. जोसेफ मॉक्सनने १६७८ पासून लंडनमध्ये हस्तव्यवसायांवर जी पुस्तकमाला काढली तीत निरनिराळ्या रंध्यांचे वर्णन आहे. प्रथम खडबडीत लाकूड उतरविणाऱ्या रंध्याची धार सरळ नसावी, मध्ये किंचित फुगीर असावी, असे तो सांगतो. आजही जाणते कारागीर हेच सांगतात.

सतराशेच्या सुमारास लंडनमध्ये रंधे करून विकणे हाच स्वतंत्र धंदा झाला. टॉमस ग्रॅनफर्ड आणि त्याचा शागीर्द रॉबर्ट वुडिंग ही त्यांतील आरंभीची नावे. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण रंध्याच्या पुढच्या टोकावर कर्त्याची मुद्रा ठोकण्याची चाल पडली. विकत घेणारा सुतारही त्याच टोकावर आपले नाव ठोकी. हत्यार विकले गेले की नवा धनी आपले नाव शेजारी उमटवी. एकाच रंध्यावर अशी तीन-तीन, चार-चार नावे दाटीने बसलेली दिसतात, तेव्हा आम्हांला आपल्याकडच्या जुन्या भांड्यांवर कोरलेल्या नावांची आठवण होते.

या मुद्रांमधील सर्वांत विलक्षण मुद्रा अमेरिकेतील आहे. मॅसॅच्युसेट्समधील रेंथम या गावी फ्रान्सिस निकल्सन नावाचा रंधे करणारा राहत असे. अमेरिकेत ज्यांच्याविषयी लेखी पुरावा आहे अशा रंधेकऱ्यांत तो आद्य मानला जातो. त्याच्या कामठ्यावर सीझर चेलर हा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. गुलामांना रोमन सम्राटांची नावे देण्याची त्या काळच्या धन्यांना हौस असे. १७५३ मध्ये निकल्सन वारला. मृत्युपत्रान्वये त्याने चेलरला स्वातंत्र्य दिले, आणि त्याबरोबर कामाचे बाक, हत्यारे व दहा एकर जमीनही दिली. चेलर तेथेच राहिला, आणि आपल्या रंध्यांवर स्वतःची मुद्रा ठोकू लागला: आपले नाव, आणि त्याखाली ‘राहणार रेंथम’. शब्द धन्याच्या मुद्रेतलेच होते. फक्त नाव बदलले होते. धन्याच्या नावाने पूर्वी विकल्या गेलेल्या रंध्यांतही काही त्याच्याच हातचे असणार, हे उघड आहे. १७८४ मध्ये तो मरण पावला. ज्याचा देहही एके काळी दुसऱ्याची मालमत्ता होता, त्याचे नाव वाचून आज संग्राहक मोठी किंमत देतात.

याच शतकात पात्याच्या पाठीवर दुसरी लोखंडी पट्टी बसविण्याची युक्ती प्रचारात आली. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल कॅरदर्सने १७६७ मध्ये असे दुहेरी पात्याचे रंधे विक्रीस असल्याची जाहिरात दिली होती. ती पट्टी धारेच्या अगदी निकट, मिलिमीटरच्या काही दशांशांवर, आणली की उलट्या तंतूंचे लाकूडही न उखडता साफ निघते. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते, पण मध्यंतरी पाश्चात्त्यांना त्याचे विस्मरण झाले. जपानमधील यामागाता विद्यापीठातील कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी ही क्रिया चित्रित केली, तेव्हा अलीकडे ते पुन्हा जागे झाले.

लाकडी रंध्याचे युग संपविले ते लेनर्ड बेली याने. त्याने ओतीव लोखंडाच्या रंध्यात पात्यामागे पितळेची चक्री बसविली. दोन बोटांनी ती फिरवली की पाते आत-बाहेर सरकते. जे काम हातोडीच्या टिचकीने वर्षानुवर्षांच्या सवयीने साधे, ते नवख्यालाही जमू लागले. १८६९ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले, आणि लहान-मोठे रंधे क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले: नितळ करण्यास चार नंबरचा, सर्वसाधारण कामास चौदा इंच लांबीचा पाच नंबरचा, फळ्यांच्या कडा सरळ करण्यास बावीस इंची सात नंबरचा. काही वर्षांतच बेलीचे कंपनीशी बिनसले व तो वेगळा झाला. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने त्याचेच नाव रंध्याच्या लोखंडात ओतून घेतले. चेलरची मुद्रा हाताची साक्ष होती. बेलीचे नाव आता नमुन्याचे नाव झाले.

तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत या नावावर भरवसा ठेवून खरेदी करता येत असे. हक्कांची मुदत सरल्यावर इंग्लंडातील शेफील्ड येथे रेकॉर्ड कंपनीने १९३१ पासून त्याच धर्तीचे उत्तम रंधे काढले. महायुद्धानंतर विजेची यंत्रे आली, लाकूड गिरणीतूनच साफ होऊन येऊ लागले, आणि रोज रंध्यावर पोट भरणारे गिऱ्हाईक आटले. उरला तो हौशी गृहस्थ. त्याला किंमत दिसे, बैठक दिसत नसे. साहजिकच काटकसर झाली ती न दिसणाऱ्या भागांत. बैठकीवरचे घासकाम कमी झाले, ओतीव भागांच्या जागी पत्र्याचे ठोकलेले भाग आले, शिसवी मुठीच्या जागी प्लॅस्टिकची मूठ आली. नाव मात्र तेच राहिले. १९८१ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात टॉमस ली-नील्सन याने जुन्या नमुन्यावरून पुन्हा रंधे करावयास घेतले, तेव्हा पारखी लोकांनी चढी किंमत देऊनही ते उचलले.

ज्याला तेवढा खर्च झेपत नाही तो आज जुन्या बाजाराकडे वळतो, आणि आमच्या मते त्यात तो चुकत नाही. मात्र तेथे नावावर विसंबून चालत नाही. जाणता मनुष्य प्रथम तोंडाजवळ व कडांवर तडा नाही ना हे पाहतो, कारण ओतीव लोखंड पडले की तडकते. गंजाचे त्याला भय नसते, खोल खड्ड्यांचे असते. मग तो पाते काढतो, घासून किती उरले आहे ते पाहतो, खालच्या बैठकीवरून बोट फिरवतो, ती तळावर डुगडुगते का ते दाबून बघतो. शेवटी सरळ पट्टी तळावर उभी धरून तो रंधा उजेडाकडे नेतो. टोक, तोंड आणि मागचा भाग या तीन ठिकाणी पट्टी टेकली आणि खालून उजेड आला नाही, तर तो भाव विचारतो.