संगणक अडतो कोठे?

हैदराबादच्या काचीगुडा स्थानकावरून नारायणगुड्याकडे निघाले की वाटेत बरकतपुरा लागतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड हे जिल्हे एकेकाळी हैदराबाद संस्थानाचे भाग होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते वेगळे पडले; परंतु मनमाडच्या गाडीने शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे या परिसरात राहिली ती राहिलीच. अशा वस्तीतील अनेक घरांत आज संगणक आहे, आणि संगणक म्हटला की तो केव्हा तरी अडणारच. मग घरातील शाळकरी मुलगी किंवा निवृत्त आजोबा त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालावयास बसतात. अर्धे काम होते न होते तोच पडदा काळा होतो, त्यावर एक इंग्रजी ओळ उमटते, आणि बसलेला माणूस मनाशी म्हणतो, ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही.’

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. नवशिका जेथे अडतो, नेमक्या तेथेच त्याच्यापूर्वी मोठमोठे जाणकार अडलेले आहेत. त्यांनी त्या अडचणी कशा ओळखल्या आणि कशा दूर केल्या, याचा इतिहास जाणून घेतला म्हणजे त्या काळ्या पडद्याची भीती पुष्कळशी ओसरते.

आरंभी दोन शब्दांचा अर्थ पाहिला पाहिजे. संगणकाला स्वतः होऊन काहीच कळत नाही. कळफलकावर कोणते अक्षर दाबले, ते पडद्यावर कोठे दाखवावयाचे, लिहिलेला मजकूर तबकडीवर कोठे ठेवावयाचा, ही सारी व्यवस्था पाहणारा जो मूळ कार्यक्रम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिच्या आधाराने चालणारे लेखनाचे, हिशेबाचे, चित्रांचे कार्यक्रम ज्या गठ्ठ्यांच्या रूपाने मिळतात, ते सॉफ्टवेअरचे पॅकेज. या दोन्ही गोष्टी यंत्रात बसविणे म्हणजे इन्स्टॉल करणे. बाजारात ‘विंडोज टाकून द्या’ असे गिऱ्हाईक म्हणते, त्यात हेच काम अभिप्रेत असते.

हैदराबादला या कामाची ओळख जुनी आहे. १९६७ साली येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्रात आखला गेलेला ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’, म्हणजेच टीडीसी-१२, या कंपनीने १९६९ साली तयार करून बाहेर आणला. त्या पिढीतील अनेक लहान संगणकांची जगभर रीत अशी होती की, आरंभी यंत्राला काहीच वाचता येत नसे. चालकाने दर्शनी पट्टीवरील खटके वरखाली करून मोजक्या आज्ञा हाताने भरावयाच्या. त्यांच्या बळावर यंत्र छिद्रे पाडलेली कागदी फीत वाचू लागे, आणि त्या फितीतून पुढचा मोठा कार्यक्रम आत येई. एक खटका चुकला की सारे पुन्हा पहिल्यापासून. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून आपण स्वतःला उचलावे, तसा हा प्रकार. म्हणून इंग्रजीत त्याला बुटावरूनच नाव पडले. आपण आज ‘संगणक बूट होत नाही’ असे म्हणतो, त्यातला बूट तो हाच. आपल्याकडे आपल्याच खांद्यावर चढण्याची अशक्य गोष्ट म्हणतात, ती संगणक दर वेळी सुरू होताना करून दाखवितो. अडचणींपैकी पुष्कळशा या पहिल्याच पायरीवर का येतात, हे यावरून ध्यानी येईल.

पुढे घरगुती संगणक आले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. तो कोणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा, अशी मुभा होती. परंतु घेणे सोपे होते, बसविणे सोपे नव्हते. १९९३ साली निघालेला ‘स्लॅकवेअर’ हा लिनक्सचा संच २४ फ्लॉपी तबकड्यांचा होता. विंडोजचे १९९५ सालचे रूपही ज्यांना फ्लॉपीवर मिळाले, त्यांच्या हाती १३ तबकड्या पडत. त्यांपैकी एक जरी खराब निघाली तरी सारे काम वाया जाई. भारतात १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने आपल्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाचकांना दिली, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते अशा असंख्य वाचकांना ती प्रथमच हाताळावयास मिळाली. मुंबई, पुणे, हैदराबाद अशा शहरांत हौशी मंडळींचे गट जमू लागले. ‘इन्स्टॉल फेस्ट’ या नावाने त्यांचे मेळावे भरत. नवशिक्याने आपला संगणक तेथे उचलून न्यावयाचा, आणि जाणकाराने शेजारी बसून वाट दाखवावयाची. त्या काळात ज्ञान पुस्तकांपेक्षा माणसांपाशी अधिक होते.

या काळातील एक लहानसा कार्यक्रम मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे. त्याचे नाव ‘लिलो’, म्हणजे लिनक्स लोडर. वेर्नर आल्मेसबेर्गर याने रचलेला हा कार्यक्रम संगणक सुरू होताना लिनक्सला तबकडीवरून उचलून स्मृतीत आणून ठेवी. त्याचे नाव रोमन लिपीत चार अक्षरांचे: एल, आय, एल, ओ. ही अक्षरे पडद्यावर एकदम उमटत नसत. कामाची एकेक पायरी पार पडली की एकेक अक्षर उमटे. एकही अक्षर दिसले नाही, तर लिलो मुळी हाती लागलाच नाही असे समजावे. पहिले एल येऊन थांबले, तर पहिला भाग सुरू झाला, पण त्याला दुसरा भाग आणता आला नाही. एल, आय इथवर येऊन थांबले, तर दुसरा भाग आला, पण चालू झाला नाही. तिसऱ्या अक्षरावर थांबले, तर तो चालूही झाला, पण पुढची नोंदवही त्याला वाचता आली नाही. चारही अक्षरे आली म्हणजे काम फत्ते!

अजाण माणसाला अर्धवट ‘एल, आय’ पाहून यंत्र बिघडले असे वाटे. जाणत्याला मात्र तीच दोन अक्षरे दोष कोठे आहे ते सांगून जात. पुष्कळदा कारण असे निघे की, जुन्या संगणकांतील मूळ व्यवस्थेला तबकडीच्या आरंभीच्या १०२४ वर्तुळांपलीकडले वाचताच येत नसे, आणि लिनक्सचा गाभा नेमका त्यापलीकडे जाऊन पडलेला असे. उपाय सोपा होता: तबकडीच्या आरंभालाच एक लहान कप्पा पाडून गाभा तेथे ठेवावयाचा. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला आणि त्याची जागा इतर कार्यक्रमांनी घेतली. परंतु त्याने शिकविलेला धडा जुना झालेला नाही. कोठे थांबले हे कळले, की का थांबले हे शोधता येते.

गाभा बसला तरी दुसरी अडचण उरेच, ती पॅकेजांची. ही समजण्यासाठी हैदराबादच्या मंडळींना आपलीच जुनी रेल्वे आठवावी. मनमाडहून हैदराबादेस येणारी रेल्वे १९०० च्या सुमारास बांधली गेली ती मीटरगेजची. मनमाडवरून जाणारी मुंबईची मुख्य रेल्वे ब्रॉडगेजची. डबे उत्तम, इंजिन उत्तम, माणसेही कुशल. तरीही एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर चालणे शक्य नव्हते. मनमाडला माल उतरवून पुन्हा भरावा लागे. सॉफ्टवेअरचेही तसेच असते. एका पॅकेजला दुसऱ्याचा आधार लागतो, दुसऱ्याला तिसऱ्याचा. आणि नुसता आधार असून भागत नाही, तर तो नेमक्या त्याच मापाचा, त्याच आवृत्तीचा असावा लागतो. पूर्वी हे सारे आधार नवशिक्याने स्वतः शोधून आणावयाचे. एक आणावे तर ते आणखी दोन मागे. या प्रकाराला त्या जगात ‘नरक’ असेच नाव पडले होते.

यातून सुटका कशी झाली? जाणत्या माणसाच्या डोक्यात असलेली माहिती कागदावर उतरवून. १९९३ साली इयान मर्डॉक या अमेरिकेतील विद्यार्थ्याने ‘डेबियन’ नावाचा संच सुरू केला. त्यातील प्रत्येक पॅकेजासोबत एक यादी ठेवण्याची शिस्त पडली: याला काय काय लागते, कोणत्या आवृत्तीचे लागते, आणि कोणाशी याचे पटत नाही. ‘रेड हॅट’ या कंपनीनेही १९९५ मध्ये आपली अशीच पद्धत आणली. मार्च १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ‘ॲप्ट’ नावाचे साधन आले. ते या याद्या स्वतः वाचते, जे जे लागेल ते स्वतः आणते आणि योग्य क्रमाने बसविते. १९९६ मध्ये डेबियनमध्ये ४७४ पॅकेजे होती. २०२३ च्या आवृत्तीत ती ६४,००० हून अधिक झाली. एवढा पसारा कोणाही एका माणसाच्या स्मरणात राहणे अशक्य. तो सांभाळला जातो तो प्रत्येकाने आपापली यादी प्रामाणिकपणे लिहिली म्हणून.

येथवर झाला तो यंत्राचा विचार. परंतु यंत्राने दोष नेमका सांगितला, तरी तो ऐकणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगितला नाही तर काय उपयोग? या प्रश्नाशी हैदराबादचा संबंध फार जवळचा आहे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि त्याच्या आधीच, १९१७ मध्ये, भाषांतराचे एक स्वतंत्र खाते स्थापन झाले. ‘दारुल तर्जुमा’ हे त्याचे नाव. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक यांचे ग्रंथ तेथे उर्दूत आणले गेले, शेकडो नव्या संज्ञा घडविल्या गेल्या. आधुनिक विज्ञान देशी भाषेत शिकविता येते, हे त्या प्रयत्नाने दाखवून दिले. त्याची मर्यादाही तितकीच बोलकी होती: संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती, आणि तिला ही भाषादेखील शिकूनच घ्यावी लागे.

त्याच शहरात २००५ साली ‘स्वेच्छा’ ही मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली, आणि तिने तेलुगूतून चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करण्याचे काम हाती घेतले. मराठीलाही हा मान मिळाला. डेबियनने २००७ मध्ये चित्ररूप पडद्याची स्थापना-पद्धती आणली. त्यामुळे साध्या पडद्यावर नीट न उमटणारी आपली जोडाक्षरे दाखविण्याची सोय झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या आवृत्तीत स्थापनेच्या भाषांमध्ये मराठीची नव्याने भर पडली, आणि २०११ च्या आवृत्तीत तेलुगूची. म्हणजे बरकतपुऱ्यातील मराठी घर आणि त्याचे तेलुगू शेजारी, दोघेही आपापल्या भाषेत तेच यंत्र उभे करू शकतील, इतकी सोय झाली. ‘ही तबकडी पुसली जाईल, पुढे जावयाचे काय?’ हा प्रश्न मातृभाषेत विचारला जाणे ही साधी गोष्ट नव्हे. तो न समजता होकार दिल्यामुळे वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि हिशेबाच्या वह्या क्षणात नाहीशा होऊ शकतात.

अडचणी आजही संपलेल्या नाहीत. २०१२ नंतरच्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो; ज्या कार्यक्रमावर ओळखीची सही नाही, त्याला तो आत येऊ देत नाही. बिनतारी इंटरनेटच्या यंत्रभागाला स्वतःचा एक लहान कार्यक्रम लागतो, आणि तो आणावयास इंटरनेटच लागते: दोर विहिरीत पडला आहे आणि विहिरीत उतरावयास दोरच हवा, अशी गत. ही तक्रार इतकी वाढली की डेबियनच्या मंडळींनी २०२२ मध्ये मतदान घेतले आणि २०२३ च्या आवृत्तीपासून असे कार्यक्रम मूळ संचातच समाविष्ट केले. नवशिक्यांनी मांडलेली तक्रार अशी नियम बदलण्यापर्यंत पोहोचू शकते.

तेव्हा या इतिहासातून नवशिक्याने घ्यावयाचे ते इतकेच. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या साऱ्या कागदपत्रांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. उतरवून घेतलेला संच वाटेत बिघडला नाही ना, हे त्याच्यासोबत दिलेल्या पडताळणीच्या आकड्याशी ताडून पाहावे. पडद्यावर जी ओळ उमटेल ती घाईने घालवू नये. अक्षरशः वहीत उतरवून घ्यावी, कारण मदत करणाऱ्याला ‘चालत नाही’ या शब्दांतून काहीच बोध होत नाही, त्या ओळीतून होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळेल. आणि उपाय सापडला की तोही त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवावा. लिलोच्या कर्त्याने आणि डेबियनच्या याद्या करणाऱ्यांनी दुसरे काय केले? आपण कोठे अडलो ते त्यांनी पुढच्या माणसासाठी नोंदवून ठेवले. घरातील ती वही उद्या शेजारच्या मुलाच्या हाती गेली, तर त्याला तेवढ्यापुरते पहिल्यापासून अडखळावे लागणार नाही.