सर्व्हर डाऊन आहे हे आधी कोणाला कळतं?

भोर-वेल्ह्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची यादी केली, तर 'सर्व्हर डाऊन' बराच वरचा लागेल. सर्व्हर म्हणजे काय, तो कुठे असतो, कसा दिसतो हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाही तो डाऊन असतो एवढं पक्कं माहीत असतं. सातबारा मिळत नाही? सर्व्हर डाऊन. पासबुक भरून मिळत नाही? सर्व्हर डाऊन. पूर्वी याच जागी 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य असायचं. फरक एवढाच, की साहेब तासाभरात परत यायचे.

मी या सर्व्हरच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत. नेटवर्कवरची यंत्रं जिवंत आहेत की नाहीत हे पाहणारं सॉफ्टवेअर बसवायचं आणि ते जुनं झालं की नवं करायचं, हे माझं काम. याला मराठीत देखरेख म्हणता येईल, पण त्या शब्दाने रोजगार हमीच्या कामावरचा मुकादम डोळ्यांसमोर येतो. आम्ही आपलं 'मॉनिटरिंग' म्हणायचो. या सॉफ्टवेअरचा इतिहास सहसा आवृत्त्यांचा इतिहास म्हणून सांगतात. मला मात्र त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. बिघाड झाल्याचं आधी कळतं कोणाला? खिडकीबाहेरच्या माणसाला, खिडकीतल्या कारकुनाला, की लांब कुठेतरी पडद्यासमोर बसलेल्याला?

भोरच्या माणसाला हा प्रश्न परका नसावा. भोर संस्थानचे राजे पंतसचिव. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतला सुरनीस. राजपत्रं नजरेखालून घालायची, चुकलं असेल ते दुरुस्त करायचं, महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचे, हे त्याचं काम. राजारामाच्या काळात १६९७ साली शंकराजी नारायणांना हे पद मिळालं आणि त्यातून पुढे संस्थान उभं राहिलं, ते १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकलं. म्हणजे दुसऱ्यांचे कागद तपासण्याच्या हुद्द्यावरून एक अख्खं संस्थान निघालं! तपासणाऱ्याच्या हाती किती सत्ता येते याचा आणखी वेगळा पुरावा नको. असो, संगणकाकडे वळतो.

डिसेंबर १९८३. अमेरिकेच्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाच्या माणसाला नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र होताना दिसलं. त्याने एका संध्याकाळीत एक छोटा प्रोग्राम लिहिला. समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ येते का, किती वेळाने येते, हे मोजायचं. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याने नाव ठेवलं 'पिंग'. गंमत अशी, की प्रोग्राम तयार होईपर्यंत मूळ बिघाड कोणीतरी दुरुस्तही केला होता. आपण याच कामासाठी ओळखले जाणार हे माहीत असतं तर त्यावर आणखी एक-दोन दिवस घालवले असते, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. आजही जगभरच्या नेटवर्कवाल्यांची पहिली हाक तीच असते.

पण ओ देणं म्हणजे धडधाकट असणं नव्हे. बिछान्यावरचा आजारीही ओ देतो. म्हणून १९८८ साली एसएनएमपी नावाचा शिरस्ता ठरला. प्रत्येक यंत्रावर एक लहानसा प्रोग्राम, म्हणजे एजंट, बसवायचा. मधल्या ठाण्याने त्याला विचारायचं, त्याने आकडे सांगायचे. याच सुमारास, १९८८-८९ मध्ये, आपल्याकडे केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना मोजक्या जिल्ह्यांत सुरू केली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा निवडला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण सातबारा संगणकात जाणार आणि संगणक कोणीतरी लांबून पाहणार, या दोन वाटा अशा एकाच वेळी निघाल्या.

१९९५ मध्ये टोबियास ओटिकर या स्विस माणसाने एमआरटीजी काढलं. तो तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरच्या विद्यापीठात होता आणि बाहेरच्या जगाशी त्यांची एकच ६४ केबीपीएसची लाइन होती. ती कोण किती वापरतंय याचा दर पाच मिनिटांनी आलेख काढणारा तो प्रोग्राम. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. पुढे १९९९ मध्ये एथन गॅलस्टॅडने 'नेटसेंट' काढलं. नावाच्या मालकीवरून वाद उद्भवल्यावर २००२ साली त्याचं 'नागिऑस' झालं. 'संतपणाचा आग्रह धरणार नाही' अशा अर्थाचं विनोदी लघुरूप त्याने त्यात दडवलं. लॅटव्हियात अलेक्सी व्लादिशेवने १९९८ पासून घडवलेलं झॅबिक्स २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ही सगळी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं. नसती, तर माझ्यासारख्याच्या हाती पुण्याच्या ग्रामीण भागात यातलं काहीच लागलं नसतं.

२००७ मध्ये मी एका सहकारी पतसंस्थेचं हे काम घेतलं. नाव सांगत नाही. मुख्य कचेरी पुण्यात, शाखा नसरापूर, भोर, वेल्ह्यात. सगळे मिळून अकरा संगणक. कचेरीतल्या एका जुन्या डबड्यावर मी नागिऑस बसवलं. शाखांमधल्या यंत्रांवर त्याचा एजंट बसवायला मात्र स्वतः जावं लागे. लाइन इतकी बारीक होती, की फाइल पाठवण्यापेक्षा एसटी लवकर पोचायची. खिशात पेनड्राइव्ह, हातात सीडीची पिशवी.

नागिऑसमधली एक सोय मला फार आवडली होती. प्रत्येक यंत्राचा 'पालक' सांगता येतो. वेल्ह्याची लाइन नसरापूरहून पुढे जायची, म्हणून मी वेल्ह्याचा पालक नसरापूर लिहिला. मग नसरापूर पडलं की नागिऑस वेल्ह्याला 'डाऊन' म्हणत नसे, 'अनरीचेबल' म्हणे. म्हणजे ते चालू असेल किंवा नसेल, आपण तिथवर पोचू शकत नाही एवढंच. पावसाळ्यात तोरण्याखालच्या त्या गावाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. (२०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. फायलींमध्ये यंत्राचं नाव एकदा 'वेल्हे' ठेवलं, की ते बदलायला किती ठिकाणी हात घालावा लागतो, ते मला विचारा.)

२००८ च्या मार्चमध्ये नागिऑसची तिसरी आवृत्ती आली. जूनमध्ये मी मुख्य सर्व्हर बदलला आणि मग एकेक शाखा करत एजंट बदलत गेलो. या एजंटची एक आठवण सांगण्यासारखी आहे. लांबून आदेशांसोबत मनाजोगे तपशील पाठवायची मुभा हवी असेल, तर त्याच्या फाइलमध्ये जो पर्याय चालू करावा लागतो, त्याचं नावच मुळी 'मग मला दोष देऊ नका' अशा अर्थाचं आहे. लिहिणाऱ्याने हात आधीच झटकलेले. मी तो पर्याय बंदच ठेवला होता, याचा मला अभिमान होता. चूक दुसरीकडेच झाली.

वेल्ह्याच्या यंत्रावर नवा एजंट बसवून मी शेवटच्या एसटीने परतलो. दुसऱ्या दिवशी पुण्यात पाहतो तर वेल्ह्यासमोर नारिंगी पट्टी: एसएसएल हँडशेक झाला नाही. या व्यवसायातल्या प्रत्येकाने हा निरोप कधी ना कधी वाचलेला असतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं. कोणाला उत्तर द्यायचं त्या यादीत सर्व्हरचा पत्ता घालायचा राहिलेला असतो. मला ते कळलं होतं. पण एका ओळीसाठी पुन्हा वेल्ह्याला जायचं, त्यात पाऊस लागलेला. मी वेल्ह्याच्या यंत्रावरच्या आतल्या तपासण्या, म्हणजे डिस्क किती भरली, खात्यांचा प्रोग्राम चालू आहे का, या तात्पुरत्या बंद केल्या. फक्त पिंग चालू ठेवला. नारिंगी गेली, हिरवं आलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. ते केळदच्या बाजूला राहायचे. भाताची लावणी तोंडावर, मजुरांना द्यायला पैसे हवेत, आणि त्यांचे पैसे त्याच पतसंस्थेत. मीच खातं उघडायला लावलं होतं.

"आरं, दोन दिस येतोय मी वेल्ह्याला. त्यो पोरगा म्हनतो सर्व्हर डाऊन हाय."

मी पडदा पाहिला. वेल्हे हिरवं. "मामा, इथं तर सगळं चालू दिसतंय."

"मंग तूच ये हितं आन् पैसं दे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

लॉग साठून डिस्क भरली होती. प्रोग्राम बंद पडला होता, आणि यंत्र मात्र माझ्या प्रत्येक हाकेला इमानदारीत ओ देत होतं. दीड तासाचं काम. पण त्या दोन दिवसांत मामांचे ठरवलेले मजूर दुसऱ्याच्या खाचरात गेले. रोपं जून झाली. त्या वर्षीच्या भाताबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

मला जास्त लागलं ते पुढचं. शाखेतल्या कारकुनाला मी जरा चढ्या आवाजात विचारलं, की दोन दिवस फोन का नाही केला? तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं ना, आता पुण्याला सगळं दिसतं म्हणून." खरंच सांगितलं होतं. मॉनिटरिंग नव्हतं तेव्हा हाच मुलगा लाइन जरा अडकली तरी दहा मिनिटांत फोन करायचा. मी एक पहारेकरी बसवला आणि त्याच दिवशी आधीचा पहारेकरी घरी पाठवला. तो पगारावरही नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

हे एका पतसंस्थेपुरतं नाही. २००५ साली केंद्राने राज्यव्यापी नेटवर्कची योजना मंजूर केली: राजधानीपासून जिल्ह्यापर्यंत आणि तिथून तालुक्यापर्यंत, किमान २ एमबीपीएस. चालवणाऱ्या कंपनीला दर तिमाहीला पैसे, आणि ते पैसे सेवा किती वेळ चालू राहिली याच्याशी बांधलेले. हे चालू असणं मोजणार कोण? मॉनिटरिंग सॉफ्टवेअर. विचार चांगला होता. मात्र अशा मोजणीत तालुक्याच्या कचेरीत पोचलेली लाइन येते. कचेरीबाहेर उभा असलेला माणूस येत नाही. लाइन चालू, वीज गेलेली. लाइन चालू, प्रिंटर बंद. लाइन चालू, पलीकडचा सर्व्हर गर्दीने गुदमरलेला. हस्तलिखित सातबाऱ्याचे दिवस संपल्यावर तर या शेवटच्या प्रकाराने तलाठी आणि शेतकरी दोघेही सारखेच गांजले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, हे मोठंच काम झालं. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करायची ई-पीक पाहणीही आली. रेंजसाठी डोंगराची सोंड चढणारा माणूस कोणत्या पडद्यावर लाल दिसतो, हे मात्र मी अजून शोधतो आहे.

आणि अपडेट? मी एका ओळीपायी मामांची लावणी लांबवली, ही तशी लहान गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं, की सोलरविंड्स या कंपनीच्या ओरायन नावाच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच कोणीतरी चोरवाट घालून ठेवली होती. सुमारे १८,००० ग्राहकांकडे ते अपडेट गेलं होतं, त्यांत अमेरिकेची सरकारी खातीही होती. चोराने हेच सॉफ्टवेअर का निवडलं, ते आमच्या धंद्यातल्याला समजावून सांगावं लागत नाही. सगळ्या दारांच्या किल्ल्या याच्याकडे असतात आणि त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या पहारा देणाऱ्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या वेळी आधी कळलं ते रांगेतल्या माणसाला.

अपडेट करूच नये असं याचा अर्थ लावणारे मला भेटतात. ते जुन्या एजंटवर वर्षानुवर्षं बसून राहतात आणि आणखी मोठ्या भोकातून बुडतात. मी अपडेट करतो. आधी एका यंत्रावर, मग आठवडा थांबून बाकीच्यांवर. आणि एखादी तपासणी 'तात्पुरती' बंद केली, तर ती कधी चालू करायची ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, पडद्यावर नाही.

वेल्ह्याच्या शाखेत त्या जुलैनंतर मी एक वही ठेवायला लावली. साधी शंभर पानी. रोज अकरा वाजता कारकुनाने पुण्याला फोन करायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. संचालकांना हे हास्यास्पद वाटलं. एवढं सॉफ्टवेअर असताना वही कशाला? कारकुनालाही कंटाळा यायचा. त्यामुळे बहुतेक ओळी 'सर्व ठीक' अशाच आहेत. काम सोडताना ती वही मी मागून घेतली. त्यातली ऑगस्टमधली एक ओळ अशी: 'लाईट नाही. बॅटरी संपली. पाच माणसं परत गेली, एक बाई पासलीहून चालत आलेल्या.' नागिऑसच्या नोंदीत त्या दिवशी वेल्ह्यापुढे सकाळी दहा सत्तावीसपासून एकच शब्द आहे: अनरीचेबल.