सहा काड्या आणि एक रेणू

आज नुसतं ऐकायचं नाही, हातही चालवायचे. गूल काढलेल्या सहा काड्या घ्या आणि सायकलची थोडी वालट्यूब. बीडमध्ये एखादा जुना सायकल दुरुस्तीवाला गाठा. नव्या धाटणीच्या व्हॉल्व्हला ही ट्यूब लागतच नाही.

हा जोडखेळ आपल्याकडे घरोघरी नेला अरविंद गुप्तांनी. पुण्यात टेल्कोत इंजिनीअर असताना १९७८ मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे काड्या-वालट्यूबचे सांगाडे बनवू लागले. पुढे पुण्यात, आयुकामध्ये, कित्येक वर्षं त्यांनी मुलांसाठी अशीच खेळणी केली. ज्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट कुलपातच असतं, तिथे हे फार मोलाचं.

आता मिथेन आठवा. फळ्यावर मधे कार्बन, चार बाजूंना हायड्रोजन, अगदी अधिकच्या चिन्हासारखा. १८६५ मध्ये लंडनला हॉफमननं क्रोकेच्या चेंडूंचं मॉडेल दाखवलं, तेही असंच सपाट होतं. (कार्बन काळा, ऑक्सिजन लाल हे त्याचे रंग मात्र आजही चालतात!)

पण सपाट म्हटलं की घोळ होतो. दोन हायड्रोजन काढून दोन क्लोरीन बसवा. ते शेजारी-शेजारी बसतील, नाहीतर समोरासमोर. म्हणजे पदार्थ दोन व्हायला हवेत. सापडायचा एकच.

१८७४ मध्ये बावीस वर्षांच्या व्हांट हॉफनं कार्बनला फळ्यावरून उचलून हवेत आणलं. वालट्यूबचा तुकडा दोन काड्या जोडतो; त्याला मधोमध टोचून तिसरी काडी घुसवा. असे चार सांधे, सहा काड्या. झाला चतुष्फलक! कार्बन मधल्या पोकळीत समजा, हायड्रोजन चार टोकांवर. आता कुठलीही दोन टोकं धरा. त्यांच्यामध्ये काडी आहेच ना? समोरासमोर अशी जागाच उरली नाही. म्हणून पदार्थ एकच. हे फळ्यावर दहादा सांगून पटत नाही, हातात फिरवलं की लगेच दिसतं.

व्हांट हॉफनं पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक करून रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. कोल्बे नावाच्या बड्या जर्मन प्राध्यापकानं १८७७ मध्ये त्याची जाहीर टर उडवली: हा तर जनावरांच्या डॉक्टरकीच्या शाळेतला मास्तर! नोकरी तिथली होती, हे खरंच. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल याच मास्तरला मिळालं. गंमत म्हणजे, ते या पुठ्ठ्यांसाठी नव्हतं. द्रावणं आणि रासायनिक अभिक्रियांवरच्या कामासाठी होतं.