सामुदायिक क्रीडा अनुदान प्रकरण, ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २०१८-१९ मध्ये गावोगावच्या क्रीडामंडळांना वाटलेल्या सुमारे १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर अनुदानातील पक्षपाताचे प्रकरण आणि त्याची चौकशी. तेथील वृत्तपत्रांत हे प्रकरण ‘स्पोर्ट्स रॉर्ट्स’ या नावाने गाजले. छाननीत वरचे गुण मिळवलेल्या अनेक मंडळांना डावलून निवडणुकीच्या दृष्टीने महत्त्वाच्या मतदारसंघांकडे पैसा वळवला गेला, असे महालेखापालांच्या जानेवारी २०२० मधील अहवालातून पुढे आले. पुढच्याच महिन्यात वाटपाच्या वेळच्या क्रीडामंत्री ब्रिजेट मॅकेन्झी यांनी राजीनामा दिला. कोणी सरकारी रक्कम स्वतःच्या खिशात घातली, असा आरोप यात नव्हता. मंडळे खरी होती, कामेही खरी होती. प्रश्न निवडीच्या रीतीचा होता. अशा ठिकाणी गैरकारभार हाताला लागणे फार अवघड असते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या अनुदानसंस्थेची चौकशी कशी करावी, याचा वस्तुपाठ म्हणून या प्रकरणाकडे पाहिले जाते.

पूर्वपीठिका : ऑस्ट्रेलियात असे प्रकरण पहिल्यांदा घडत नव्हते. मार्च १९९३ च्या सार्वत्रिक निवडणुकीआधी मजूर पक्षाच्या सरकारातील मंत्री रॉस केली यांनी क्रीडा व सांस्कृतिक सुविधांसाठी सुमारे ३ कोटी डॉलरची अनुदाने दिली होती. कोणत्या अर्जाला का मंजुरी मिळाली, याचे कागद महालेखापालांनी मागितले, तेव्हा ते सापडेनात. अर्जांची निवड कार्यालयातील मोठ्या पांढऱ्या फळ्यावर झाली होती आणि फळा नंतर पुसला गेला होता. केली यांनी २८ फेब्रुवारी १९९४ रोजी मंत्रिपद सोडले. पंचवीस वर्षांनी सत्तेत लिबरल आणि नॅशनल पक्षांची आघाडी होती, फळ्याची जागा संगणकावरच्या तक्त्याने घेतली होती आणि तो तक्ता पुसलेला नव्हता.

योजना व निकष : मे २०१८ च्या अर्थसंकल्पात सामुदायिक क्रीडा सुविधा अनुदान योजना जाहीर झाली. सुरुवातीची तरतूद जवळपास ३ कोटी डॉलर होती. अर्जांची संख्या पाहून वर्षअखेरीस ती दुप्पट केली गेली आणि २०१९ च्या अर्थसंकल्पात आणखी वाढवण्यात आली. एका मंडळाला जास्तीत जास्त ५ लाख डॉलर मिळू शकत होते. मैदानावरचे दिवे, गळकी छपरे, स्वच्छतागृहे, स्त्री-खेळाडूंसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या अशी कामे त्यातून व्हायची होती. ही मंडळे बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात. दिवसभराची नोकरी किंवा शेती सांभाळून, रात्री बसून, नकाशे आणि खर्चाची अंदाजपत्रके जोडून त्यांनी अर्ज भरले. दोन हजारांहून अधिक अर्ज आले आणि मागणी सुमारे ४० कोटी डॉलरची, म्हणजे उपलब्ध रकमेच्या चौपट झाली.

योजना राबवण्याचे काम ‘स्पोर्ट ऑस्ट्रेलिया’कडे, म्हणजे १९८९ च्या कायद्याखालील ऑस्ट्रेलियन क्रीडा आयोगाकडे होते. ही संचालक मंडळ असलेली वैधानिक संस्था आहे. तिने तीन निकष ठरवले : लोकसहभाग, स्थानिक गरज आणि कामाचा आराखडा. त्यांत लोकसहभागाला निम्मे महत्त्व होते. प्रत्येक अर्जाला शंभरपैकी गुण दिले गेले आणि गुणानुक्रमे शिफारशींच्या याद्या तयार झाल्या. अंतिम मंजुरी क्रीडामंत्री देतील, असे मात्र मार्गदर्शक सूचनांतच लिहिले होते. पुढचा सारा घोळ या एका वाक्याच्या आडोशाने झाला.

आरोपांची सुरुवात : फेब्रुवारी २०१९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील यँकलिला या छोट्या गावी लॉन बोल्स खेळणाऱ्या मंडळाला १,२७,३७३ डॉलरचा भला मोठा शोभेचा धनादेश देण्यात आला. तो देणाऱ्या जॉर्जिना डाउनर खासदारही नव्हत्या आणि मंत्रीही नव्हत्या. मेयो मतदारसंघातून निवडणूक लढवू पाहणाऱ्या त्या लिबरल पक्षाच्या उमेदवार होत्या. धनादेशावर त्यांचे नाव आणि छायाचित्र होते. मतदारसंघाच्या निवडून आलेल्या खासदार रेबेका शार्की दुसऱ्या पक्षाच्या होत्या. सरकारी तिजोरीतला पैसा पक्षाच्या उमेदवाराच्या हातून, जणू पक्षाचीच देणगी म्हणून दिला जात असल्याचे छायाचित्र देशभर झळकले. मजूर पक्षाचे खासदार मार्क ड्रेफस यांनी महालेखापालांकडे तपासणीची मागणी केली. महालेखापालांनी एका धनादेशापुरते न थांबता सबंध योजनाच लेखापरीक्षणाला घेतली.

महालेखापालांची तपासणी : ऑस्ट्रेलियाचे महालेखापाल हे संसदेचे स्वतंत्र अधिकारी असतात. १९९७ च्या कायद्यानुसार त्यांची मुदत दहा वर्षांची असते, फेरनियुक्ती होत नाही आणि कोणती तपासणी हाती घ्यायची हे सरकार त्यांना सांगू शकत नाही. कागदपत्रे मागण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच दिलेला आहे. भारतात राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाखालील नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांचे स्थान बरेचसे असेच आहे. त्या वेळी ग्रँट हेहिर हे महालेखापाल होते. त्यांच्या कार्यालयाने स्पोर्ट ऑस्ट्रेलियाची गुणपत्रके, मंत्री कार्यालयातील तक्ते आणि दोहोंमधील ई-मेल शेजारी शेजारी मांडून तपासले.

१५ जानेवारी २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष स्वच्छ होता. स्पोर्ट ऑस्ट्रेलियाच्या छाननीला समांतर अशी दुसरी छाननी मंत्र्यांच्या कार्यालयात चालू होती आणि तिचे निकष अर्जदारांना कधीच सांगितले गेले नव्हते. काम कोणत्या मतदारसंघात आहे, हा त्यांतला एक. आघाडीच्या ताब्यातील काठावरच्या जागा आणि विरोधकांकडून खेचून घ्यायच्या जागा यांवर विशेष लक्ष होते. कार्यालयातील तक्त्यांत मतदारसंघ पक्षनिहाय रंगांनी रंगवलेले होते, हेही चौकशीच्या ओघात बाहेर आले. मंजूर झालेल्या कामांपैकी पहिल्या फेरीत ४१ टक्के, दुसरीत ७० टक्के आणि तिसरीत ७३ टक्के कामांना स्पोर्ट ऑस्ट्रेलियाची शिफारस नव्हती. एकूण ६८४ अनुदानांपैकी चारशेहून अधिक अनुदाने शिफारशीविना दिली गेली. मुदत उलटून गेल्यावर आलेले काही नवे आणि बदललेले अर्जही तिसऱ्या फेरीत घेतले गेले.

अहवालाने त्याहून मूलगामी प्रश्न उभा केला. अनुदान देण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेला आहे. मंत्री आयोगाला लेखी निर्देश देऊ शकतात, पण असा कोणताही निर्देश येथे दिलेला नव्हता. मग मंत्री कोणत्या अधिकाराने मंजुरी देत होत्या? त्याला कायदेशीर आधार दिसत नाही, असे महालेखापालांनी नोंदवले. ताशेरे स्पोर्ट ऑस्ट्रेलियावरही होते, कारण मंत्र्यांना हा अधिकार आहे की नाही, हे तिने तपासून पाहिले नव्हते.

११ एप्रिल २०१९ चा दिवस : संसदेचे प्रतिनिधिगृह विसर्जित झाले की ऑस्ट्रेलियात काळजीवाहू काळ सुरू होतो आणि मोठे नवे निर्णय घेऊ नयेत असा संकेत असतो. आपल्याकडील आचारसंहितेच्या काळाशी त्याचे साम्य आहे. १८ मे २०१९ च्या निवडणुकीसाठी ११ एप्रिलला सकाळी प्रतिनिधिगृह विसर्जित झाले. त्यानंतर काही मिनिटांनी, ८ वाजून ४६ मिनिटांनी, मंत्री कार्यालयाने तिसऱ्या फेरीची मंजूर यादी स्पोर्ट ऑस्ट्रेलियाला पाठवली. दुपारी १२ वाजून ४३ मिनिटांनी आणखी बदल केलेली यादी गेली. मंजुरीच्या कागदावर मात्र ४ एप्रिल ही तारीख होती. पंतप्रधान कार्यालयाच्या सांगण्यावरून त्या दिवशी एक काम वगळले गेले आणि एक घातले गेले, असे लेखापरीक्षकांनी पुढे सेनेटसमोर सांगितले. ४ तारखेनंतरच्या बदलांची आपल्याला कल्पना नव्हती, असे मॅकेन्झी यांनी म्हटले. घड्याळातल्या या वेळा नोंदलेल्या राहिल्या, म्हणूनच त्या दिवशीचा क्रम पुन्हा जुळवता आला.

सचिवांची चौकशी व राजीनामा : अहवालानंतर पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी आपल्या विभागाचे सचिव फिल गेटजेन्स यांना मंत्र्यांच्या वर्तनाची चौकशी करायला सांगितले. गेटजेन्स हे पूर्वी मॉरिसन यांचेच कार्यालयप्रमुख होते. चौकशीचा विषयही मर्यादित होता : मंत्र्यांसाठीच्या आचारनियमांचा भंग झाला का? अनुदान मिळालेल्या वँगरॅटा येथील तबकडी-नेमबाजी मंडळाचे सदस्यत्व मॅकेन्झी यांनी वेळेत जाहीर केले नव्हते, एवढाच भंग गेटजेन्स यांनी मान्य केला. या मंडळाला सुमारे ३६ हजार डॉलर मिळाले होते. वाटप राजकीय हेतूने झाले, हे त्यांना पटले नाही. काठावरच्या व लक्ष्य केलेल्या मतदारसंघांतील ३२ टक्के अर्ज मंजूर झाले, तर इतरांतील ३६ टक्के, हा त्यांचा आधार होता. पण हे आकडे मूळ प्रश्नाला भिडत नाहीत. प्रत्येक गटातून किती अर्ज मंजूर झाले, ही एक गोष्ट. ज्यांचे गुण अधिक होते त्यांच्याऐवजी कोण निवडले गेले, ही दुसरी. शिवाय त्यांचा अहवाल त्या वेळी जनतेसमोर ठेवला गेला नाही. मॅकेन्झी यांनी २ फेब्रुवारी २०२० रोजी मंत्रिपद आणि नॅशनल पक्षाचे उपनेतेपद सोडले. तेव्हा त्या कृषिमंत्री होत्या.

आपण कोणताही नियम मोडला नाही, अंतिम मंजुरीचा अधिकार मार्गदर्शक सूचनांनीच दिला होता आणि आपल्या हस्तक्षेपामुळे विरोधकांच्या मतदारसंघांनाही अधिक पैसा मिळाला, अशी मॅकेन्झी यांची बाजू होती.

सेनेट समिती : ५ फेब्रुवारी २०२० रोजी सेनेटने खास समिती नेमली. मजूर पक्षाचे अँथनी चिझम तिचे अध्यक्ष होते. मंजूर झालेली सर्व कामे पात्र होती, असे सरकार सांगत होते. करारावर सह्या होईपर्यंत सुमारे ४३ टक्के कामे अपात्र झाली होती, अशी साक्ष लेखापरीक्षकांनी या समितीपुढे दिली. त्यांतील अनेक कामे आधीच सुरू झाली होती किंवा पुरीही झाली होती आणि अशा कामांना नियमाने पैसा देता येत नव्हता. मंत्री कार्यालय आणि पंतप्रधान कार्यालय यांच्यात शंभराहून अधिक ई-मेल गेले-आले होते, हेही तिथेच नोंदले गेले. समितीचा अंतिम अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. सरकार पक्षाच्या सदस्यांनी त्याला भिन्नमत जोडले.

डावललेली मंडळे : व्हिक्टोरिया राज्यातील गिप्सलँड भागातील रोलर डर्बी खेळणाऱ्या मंडळाला शंभरपैकी ९८ गुण मिळाले होते, तरी त्याला काही मिळाले नाही. सिडनीच्या संपन्न मॉस्मन भागातील नौकानयन मंडळाला मात्र ५ लाख डॉलर मिळाले. बीचवर्थ येथील टेनिस मंडळाने नकाराविरुद्ध थेट संघीय न्यायालयात दाद मागितली. या मंडळांची हानी नुसती पैशाची नव्हती. स्पर्धा खुली आहे असे सांगून त्यांच्याकडून शेकडो तासांचे विनामोबदला श्रम घेतले गेले आणि त्यांना न सांगितलेल्या कसोटीवर बाहेर ठेवले गेले. ही सरळसरळ फसवणूक होय.

परिणाम : खातेनिहाय अनुदानांना लागू असलेले केंद्रीय नियम स्पोर्ट ऑस्ट्रेलियासारख्या वैधानिक संस्थांना लागू नव्हते. वैधानिक संस्थेच्या अनुदानाचा निर्णय मंत्री घेत असतील तर तेथेही सारखीच चौकट हवी, ही महालेखापालांची शिफारस सरकारने मान्य केली. मॅकेन्झी २०२१ च्या मध्यास मंत्रिमंडळात परतल्या. त्याच सुमारास शहरांतील रेल्वेस्थानकांलगतच्या वाहनतळांसाठीच्या ६६ कोटी डॉलरच्या योजनेवर महालेखापालांचा तसाच कडक अहवाल आला : निवडलेल्या ४७ जागांपैकी एकही जागा विभागाने सुचवलेली नव्हती. या मालिकेमुळे केंद्रीय पातळीवर स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेच्या मागणीला जोर आला. राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा कायदा २०२२ मध्ये संमत झाला आणि १ जुलै २०२३ रोजी आयोग सुरू झाला.

मूल्यमापन : तीन चौकश्यांतून तीन वेगळ्या गोष्टी हाती आल्या, कारण तिघांचे अधिकार वेगळे होते. पंतप्रधानांच्या अखत्यारीतल्या सचिवांनी एका सदस्यत्वापुरता दोष पाहिला. सेनेट समितीने साक्षी उघड्यावर आणल्या, पण तिचे निष्कर्ष पक्षनिहाय दुभंगले. उघड न केलेल्या हेतूंचा माग काढला तो महालेखापालांनी, आणि त्यांनाही ते जमले ते गुणपत्रके, तक्ते व ई-मेल शिल्लक होते म्हणून. केली यांच्या प्रकरणात पुसलेल्या फळ्यामुळे निवडीचे कारण कायमचे हरवले. २०२० मध्ये ते कागदावर सापडले. लोकप्रतिनिधीने तज्ज्ञांची शिफारस बाजूला सारणे स्वतःच गैर नाही. लोकशाहीत तो अधिकार कोणाकडे तरी असावाच लागतो. पण बाजूला सारताना कारण लिहावे, ते जाहीर निकषांत बसावे आणि नाकारलेल्या अर्जदाराला ते वाचता यावे, या तीन अटी पाळल्या नाहीत तर अनुदानाची खिरापत होते.

महाराष्ट्रातही शासन व्यायामशाळा आणि क्रीडांगणांच्या विकासासाठी संस्थांना अनुदान देते. येथे अर्ज नाकारला गेलेल्या मंडळाला आपली छाननी, शिफारस आणि मंजूर यादी यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात आणि जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.