बढती : पराक्रमाची, वारशाची आणि वेळेची

गेल्या वर्षी संध्याकाळच्या आरतीनंतर आम्ही काही जण मंडपातच बसलो होतो. सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळायला जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी एकाने विचारले, "काका, सैन्यात लवकर मोठा अधिकारी व्हायचे तर काय करावे लागते?" मी राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस. आमच्याकडे याचे उत्तर सोपे आहे. ज्येष्ठता यादीत आपले नाव कितवे आहे ते पाहायचे आणि वाट पाहायची. सैन्यात तसे नसते, एवढेच मला तेव्हा सांगता आले. नंतर जमेल तसे वाचन केले. त्यातून जे हाती लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

सुरुवात शिवछत्रपतींपासून करावी लागते. सभासद बखरीत त्यांच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजारीला १,००० आणि पंचहजारीला २,००० होन. या शिडीत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. वेतन ठरलेले होते आणि हुद्दा वतन नव्हता. बाप हजारी होता म्हणून मुलगा हजारी, हा हिशेब महाराजांना मान्य नव्हता. चूक झाली तर सरनोबतालाही पद सोडावे लागे. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर न पोहोचल्यामुळे नेताजी पालकरांना दूर करून कुडतोजी गुजर यांना सरनोबत केले गेले. तेच प्रतापराव.

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले. त्यानंतर महाराजांनी हंसाजी मोहिते यांना सरनोबती दिली आणि 'हंबीरराव' हा किताब दिला. कोणी म्हणेल, ते तर सोयराबाईंचे भाऊ, महाराजांचे मेहुणे! नाते होतेच. पण १६८० मध्ये महाराजांच्या निधनानंतर सख्खी बहीण एका बाजूला आणि संभाजीराजे दुसऱ्या बाजूला असताना हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत लढताना पडले. नात्याने पद मिळाले असे म्हणणाऱ्यांना त्यांनी असे उत्तर दिले. पण एक गोष्ट मनात राहते. युद्धातली झटपट बढती बहुधा कोणाच्या तरी मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागेवर मिळते. हंबीररावांच्या मानाच्या मागे नेसरीची खिंड आहे.

पुढे राजाराममहाराजांच्या काळात तिजोरी रिकामी आणि औरंगजेबाची फौज दारात, अशी अवस्था आली. सरदार टिकवायचे तर रोख देण्याजोगे काही नव्हते, म्हणून जमिनी आणि मुलूख द्यावा लागला. गरज खरी होती, पण त्यातून हुद्दा घराण्याकडे गेला. सेनापतिपदाचे काय झाले ते पाहा. १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे सेनापती झाले. त्यांच्यानंतर मुलगा त्रिंबकराव. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्रिंबकराव बाजीरावांच्या फौजेविरुद्ध लढताना मारले गेले, तेव्हा शाहूमहाराजांनी सेनापतिपद त्यांच्या अल्पवयीन भावाला, यशवंतरावांना दिले. पद दाभाड्यांच्या घरात राहिले, पण गुजरातेतली खरी सत्ता गायकवाडांच्या हाती गेली.

त्याच काळात बाजीरावांनी दुसरा मार्ग धरला. कण्हेरखेडचे राणोजी शिंदे आणि धनगर कुटुंबातले मल्हारराव होळकर यांच्यामागे मोठे घराणे नव्हते. काही वर्षांतच ते माळव्यात हजारोंची फौज चालवू लागले. माणूस पाहून जबाबदारी द्यायची आणि ती पेलली तर आणखी द्यायची, ही बाजीरावांची रीत. दुर्दैव असे की पुढे या सरदाऱ्याही वंशपरंपरागत झाल्या.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. १९५६ पर्यंत उदगीर आणि आपले औराद एकाच बीदर जिल्ह्यात होते, त्यामुळे उदगीरची लढाई आपल्याला परकी नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी तिथे निजामाला नमवले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्यात मोठी कामगिरी केली. सुमारे ६० लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला. भाऊंचे वय तेव्हा तीसही नव्हते. उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली आणि नानासाहेब पेशव्यांनी उत्तरेची मोहीम भाऊंवर सोपवली. उत्तरेचा अनुभव राघोबादादांना होता, पण त्यांच्या मोहिमेने कर्ज वाढले होते. भाऊ हिशेबाचे पक्के आणि नुकतेच विजयी झालेले. निवड पराक्रम पाहूनच झाली. नावाला मात्र पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव सेनेचे प्रमुख होते.

उदगीरच्या विजयाने मिळालेली ही बढती एका वर्षाच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर संपली. भाऊ तिथे शौर्याने लढले, याविषयी वाद नाही. पण उत्तरेचा प्रदेश, तिथली माणसे आणि रसदेचे मार्ग त्यांना नवे होते. बायकामुले आणि जड सामान मागे ठेवून हलके व्हावे, हा उत्तरेत मुरलेल्यांचा सल्ला त्यांनी मानला नाही. ज्या तोफांनी उदगीर जिंकून दिले, त्यांच्यावरच त्यांचा भरवसा होता. आधीच्या कामात मिळालेले यश पुढच्या मोठ्या कामाची पात्रता ठरतेच असे नाही. उदगीरच्या किल्ल्यात गेलो की मला हाच विचार येतो.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. कोल्हापूर भागातले शंकरराव थोरात १९२६ मध्ये सँडहर्स्टहून कमिशन घेऊन सैन्यात आले. त्या काळी शांततेत मेजर व्हायलाच दीड दशकाहून अधिक काळ लागे आणि हिंदी अधिकाऱ्याच्या हाती पलटण देण्यास इंग्रज नाखूश असत. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र बदलले. जानेवारी १९४५ च्या अखेरीस ब्रह्मदेशात कांगॉ येथे ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही 'डीएसओ' हे शौर्यपदक मिळाले. थिमय्यांची पलटण १९ हैदराबाद रेजिमेंटची होती. आपल्या जुन्या संस्थानाचे नाव लावणारी हीच रेजिमेंट पुढे कुमाऊँ रेजिमेंट झाली. युद्धातले असे हुद्दे मात्र बहुतेक हंगामी असत. लढाई संपली की अनेकांना एक-दोन पायऱ्या खाली यावे लागे.

थोरात लेफ्टनंट जनरल झाले. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० मध्ये 'लाल किल्ला' या सरावातून त्यांनी चीनच्या धोक्याची आणि अपुऱ्या तयारीची जाणीव करून दिली. १९६१ मध्ये लष्करप्रमुखपदासाठी थिमय्यांची पसंती थोरातांना होती. सरकारने ज्येष्ठ असलेल्या थापर यांना नेमले आणि थोरात निवृत्त झाले. पुढच्या वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि थापर यांना पायउतार व्हावे लागले. १९६२ चे सगळे खापर एका नेमणुकीवर फोडणे योग्य नाही. पण ज्येष्ठता यादीवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत विचार करायला लावते. पराक्रम पाहून नेमलेले भाऊ पानिपतावर पडले आणि ज्येष्ठता पाहून केलेली निवडही कसोटीला उतरली नाही. बिनचूक अशी कोणतीच पद्धत नाही.

आपल्याच राज्यातले, कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. चारच महिन्यांनी, ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात हटवून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी ते जखमी झाले, तरी काम सोडले नाही. त्यांना परमवीरचक्र मिळाले. आणि वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, ते मेजर म्हणून निवृत्त झाले. देशातला सर्वोच्च शौर्यसन्मान छातीवर असूनही हुद्दा मेजरचाच. मेडल वेगळे आणि हुद्दा वेगळा. मेडल झालेल्या कामासाठी असते, हुद्दा पुढच्या कामासाठी असतो.

आजचा नियम सांगून संपवतो. कमिशन मिळाल्यावर माणूस लेफ्टनंट होतो. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. वाटेत खात्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. इथपर्यंत कोणाला घाई करून उपयोग नाही, कारण वर्षे सर्वांना सारखीच. कर्नलपासून मात्र निवड मंडळ बसते. गोपनीय अहवाल, प्रशिक्षणातले गुण, पलटणीत केलेले काम, मिळालेले सन्मान हे सर्व पाहिले जाते. जागा थोड्या आणि माणसे पुष्कळ असल्यामुळे अनेक चांगले अधिकारीही इथे थांबतात. जवान म्हणून भरती झालेल्यालाही डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होण्याची वाट खुली आहे. राणे ज्या वाटेने गेले, ती बंद झालेली नाही.

तो मुलगा यंदाही आरतीला येईल. त्याला सांगेन की बाबा, लवकर वर जाण्याचा विचार नंतर कर. दिलेले काम असे कर की तुझा वरिष्ठ पुढचे काम तुझ्यावर निर्धास्तपणे सोपवेल. आणि पहाटेचे पळणे तेवढे चुकवू नकोस.

गणपती बाप्पा मोरया!